हाडांचे दाखले

गोव्याला बॉम जेझूमधून सेंट झेवियरचं शव दर दहा वर्षांनी दर्शनासाठी बाहेर आणतात तेव्हा केवढी गर्दी लोटते, हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे आयर्लंडमध्ये आल्यावर संतांचे अवशेष जपायची रीत मला फारशी नवी वाटली नाही. डब्लिनच्या उत्तरेला ड्रॉहेडा गावातल्या चर्चमध्ये तर संत ऑलिव्हर प्लंकेट या आर्चबिशपचं शिरच काचेत ठेवलेलं आहे. १६८१ साली लंडनमध्ये त्यांना देहदंड झाला. पहिल्यांदा बघताना पोटात जरा ढवळतं. इथल्या आज्यांना त्याचं काही वाटत नाही, त्या शांतपणे मेणबत्ती लावतात.

मला नवल वाटलं ते कागदपत्रांचं. अवशेष खरा असल्याचा दाखला लागतो, त्यावर चर्चच्या अधिकाऱ्याची मोहोर लागते, आणि तो विकायला सक्त मनाई. तांदळाएवढं हाड असलं तरी ते कुणाचं, याची नोंद हवी.

हे डोक्यात ठेवून डब्लिनच्या शॉन मॅक्डरमट स्ट्रीटवर चला. गरीब वस्तीतला रस्ता. तिथल्या अवर लेडी ऑफ लूर्द्झ चर्चमध्ये मॅट टॅल्बटची कबर आहे. हा साधा मजूर, पोरवयापासून दारुडा. अठ्ठाविसाव्या वर्षी दारू सोडली ती कायमची. १९२५ साली रस्त्यात कोसळून मेला तेव्हा अंगाभोवती साखळ्या सापडल्या, प्रायश्चित्त म्हणून स्वतःच गुंडाळलेल्या. ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत पुरलेले त्याचे अवशेष १९७२ साली मानाने या चर्चमध्ये आणले. व्यसनातून सुटू पाहणारी माणसं आजही तिथे येऊन बसतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काहीही वाकडं बोलायचं नाही.

पण त्याच रस्त्यावर एक बंद इमारत आहे. ही आयर्लंडमधली शेवटची मॅग्डलिन लॉन्ड्री, १९९६ पर्यंत चालू होती. लग्नाआधी दिवस गेलेल्या, अनाथालयातून पाठवलेल्या, कोर्टाने धाडलेल्या, नाहीतर घरच्यांनाच नकोशा झालेल्या मुली इथे नन्सच्या देखरेखीखाली बिनपगारी कपडे धूत. दार बाहेरून बंद. अनेकींची नावंसुद्धा बदलली जात. १९२२ पासून देशभरातल्या अशा लॉन्ड्र्यांमध्ये सुमारे १०,००० जणी गेल्या, असं २०१३ चा सरकारी अहवाल सांगतो. त्यातून जिवंत सुटलेल्या बायकांच्या मते हा आकडाही कमीच आहे.

हीच लॉन्ड्री चालवणाऱ्या नन्सच्या संघाची आणखी एक लॉन्ड्री शहराच्या हाय पार्क भागात होती. १९९३ साली संघाने तिथली जमीन एका बिल्डरला विकली. त्या जमिनीत कबरी होत्या. १३३ बायकांचे देह उकरायचा परवाना घेतला, खणल्यावर आणखी २२ निघाले. कित्येकींच्या मृत्यूचा दाखलाच नव्हता. काहींचं खरं नावही नोंदलेलं नव्हतं. जवळपास सगळ्यांचं दहन करून राख पुरली ती कुठे, तर ग्लासनेव्हिनला.

हे वाचल्यावर मला काचेतल्या हाडांकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. नोंदी ठेवायची सवय नव्हती, हे कारण या चर्चला तरी देता येणार नाही. मेलेल्या देहालाही मान असतो हे शिकवणाऱ्यांनीच कुणाचा देह मोजायचा आणि कुणाचा नाही, हे ठरवून टाकलं होतं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस याच रस्त्यावर आले. मॅट टॅल्बटच्या चर्चपाशी थांबले. लॉन्ड्रीपाशी थांबले नाहीत. त्याच दिवशी ते चर्चच्या लोकांकडून अत्याचार भोगलेल्या आठजणांना भेटले आणि दुसऱ्या दिवशी फिनिक्स पार्कमधल्या मिस्सात, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेत, त्यांनी जाहीर क्षमाही मागितली, हेही सांगायला हवं. मात्र लॉन्ड्र्या चालवणाऱ्या चारही संघांनी सरकारच्या भरपाई योजनेत पैसे घालायला २०१३ मध्येच नकार दिला होता. क्षमा पोपनी मागितली, पैसे करदात्यांनी भरले.

शॉन मॅक्डरमट स्ट्रीटवरची ती इमारत विकून तिथे हॉटेल होणार होतं. लॉन्ड्र्यांमधले हाल भोगलेल्या बायकांनी आणि त्यांच्या बाजूच्या लोकांनी ओरड केली, नगरसेवकांनी विक्री अडवली, आणि २०२२ मध्ये सरकारने तिथे राष्ट्रीय स्मृती केंद्र करायचं ठरवलं. नावं शोधायचं काम मात्र सरकारची वाट न बघता काही स्वयंसेवक आधीपासून करत आहेत. जुन्या मतदारयाद्या काढतात, थडग्यांच्या दगडांशी ताडून बघतात. ग्लासनेव्हिनच्या दगडावरची नावं आणि उकरण्याच्या परवान्यातली नावं अजूनही पूर्ण जुळलेली नाहीत.