मटमध्ये तीन पत्ते आणि दोन किल्ल्या

जर्मनीतल्या एका क्लायंटला मी भाषांतराचे दरपत्रक पाठवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे अतिशय सभ्य शब्दांतले उत्तर आले की दर मान्य आहेत, फक्त पत्राच्या तळाशी असलेल्या अनोळखी लिपीतल्या तीन ओळी कराराचा भाग आहेत का, ते कृपया कळवावे. त्या तीन ओळी म्हणजे माझे नाव, ‘मानद सचिव’ हे पद आणि ‘देखभाल खर्च दरमहा १० तारखेपूर्वी भरावा’ ही सूचना होती. मी व्यवसायाने जर्मन भाषेची भाषांतरकार आहे आणि पुण्यातल्या आमच्या गृहनिर्माण सोसायटीची सचिवही आहे. त्यामुळे माझ्याकडे ईमेलचे तीन पत्ते आहेत : एक घरगुती, एक स्वतःच्या डोमेनवरचा व्यवसायाचा आणि एक सोसायटीचा. दरपत्रक सोसायटीच्या पत्त्यावरून गेले होते, आणि चूक सर्वस्वी माझ्या मांडणीची होती.

त्याआधी जेमतेम आठवडाभर मी मट वापरायला सुरुवात केली होती. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ साली लिहायला घेतलेला हा ईमेलचा प्रोग्राम टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या आणि आज्ञांच्या खिडकीत चालतो, त्यात माऊसचा संबंध नाही, आणि ‘सगळे मेल प्रोग्राम वाईटच असतात, हा त्यातल्या त्यात कमी वाईट’ अशी त्याची स्वतःबद्दलची जाहीर कबुली आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर चित्रमय प्रोग्राम धापा टाकत असे, हे एक कारण. आणि पत्र लिहिताना विम हा माझा रोजचा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रामच हाताशी असावा, हे दुसरे. तिन्ही खात्यांची पत्रे एमबीसिंक हा प्रोग्राम सर्व्हरवरून उतरवून लॅपटॉपवर तीन वेगळ्या डिरेक्टरींत ठेवतो, मट ती वाचतो, आणि लिहिलेले पत्र एमएसएमटीपी या छोट्या प्रोग्रामच्या हाती देतो. पत्रे आणण्याची आयमॅप आणि पाठवण्याची एसएमटीपी या सर्व्हरच्या भाषा मट स्वतःही बोलू शकतो. पण पावसाळ्यात आमच्याकडे इंटरनेट आणि वीज दोन्ही लहरी असल्यामुळे पत्रे आपल्या डिस्कवर असलेली बरी, असे मला वाटते.

आता मूळ चुकीकडे येते. मटमध्ये फोल्डर-हुक नावाची सोय आहे : अमुक फोल्डर उघडला की अमुक आज्ञा चालवायच्या. मी सोसायटीच्या फोल्डरसाठी असा हुक लिहून प्रेषकाचा पत्ता आणि पत्राखालचा मजकूर बदलून घेतला होता, आणि बाकीच्या दोन खात्यांसाठी मटच्या मूळ सेटिंगच्या फाईलमधल्या नोंदी लागू राहतील असे गृहीत धरले होते. ते गृहीतक चुकीचे होते. हुकने केलेला बदल फोल्डर सोडला म्हणून मागे घेतला जात नाही. पुढचा कोणी तो बदलेपर्यंत तो तसाच राहतो. मी सकाळी सोसायटीच्या तक्रारी वाचल्या, मग व्यवसायाच्या फोल्डरमध्ये जाऊन दरपत्रक लिहिले, आणि मटच्या लेखी मी अजून सचिवच होते. मटच्या माहितीपुस्तिकेत याविषयी स्पष्ट इशारा दिलेला आहे. मी ते पान वाचलेही होते, पण ते आपल्याला उद्देशून आहे हे तेव्हा ध्यानात आले नाही. उपाय सोपा आहे : प्रत्येक ओळखीची, म्हणजे पत्ता आणि पत्राखालचा मजकूर यांच्या जोडीची, एक वेगळी छोटी फाईल करायची, सर्वांत वर सगळ्या फोल्डरांना लागू पडणारा एक हुक ठेवून त्यातून घरगुती ओळखीची फाईल वाचायला लावायची, आणि त्याखाली बाकी दोघींचे हुक लिहायचे. हुक लिहिलेल्या क्रमाने चालतात, त्यामुळे आधी पाटी कोरी होते आणि मग तीवर हवे ते नाव उमटते.

एवढे करूनही एक विचित्र गोष्ट शिल्लक राहिली. घरगुती खात्यात ‘नेटवर्क’ नावाचा माझा एक फोल्डर आहे, आणि तो उघडला की व्यवसायाची ओळख लागू होत असे. व्यवसायाच्या खात्याची डिरेक्टरी ‘वर्क’ या नावाची होती, आणि हुकमधला शब्द हा संपूर्ण नाव म्हणून नव्हे तर नमुना म्हणून जुळवला जातो, म्हणजे नावात कुठेही ‘वर्क’ आढळले तरी त्याला पुरते. हे शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून मी नमुन्यात डिरेक्टरीचा पूर्ण मार्ग लिहिते आणि पत्त्यांमधल्या टिंबांच्या आधी उलटी तिरपी रेघ देते, कारण नमुन्यात नुसते टिंब म्हणजे ‘कोणतेही एक अक्षर’.

उत्तरांची गोष्ट वेगळी आहे. नवे पत्र लिहिताना आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत यावरून ओळख ठरली तर चालते. उत्तर देताना मात्र मूळ पत्र ज्या पत्त्यावर आले, त्याच पत्त्यावरून ते जायला हवे. त्यासाठी अल्टरनेट्स या आज्ञेने आपले सगळे पत्ते मटला सांगायचे आणि रिव्हर्स-नेम ही सोय चालू करायची. मी दोन्ही केले आणि निश्चिंत झाले. काही दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला जिन्यात थांबवून विचारले, “अगं, तू स्वतःचं नाव ‘सेक्रेटरी पाणी’ असं का लिहितेस?” काकांनी आपल्या फोनमध्ये माझा पत्ता त्या नावाने साठवलेला होता, त्यांच्या पत्रात तो तसाच आला होता, आणि रिव्हर्स-नेमने पत्त्याबरोबर ते नावही इमानेइतबारे उचलून माझ्या उत्तरावर प्रेषक म्हणून चिकटवले होते. रिव्हर्स-रिअलनेम ही जोडीची सोय मुळातच चालू असते. ती बंद केली की पत्ता समोरच्याच्या पत्रातला आणि नाव आपण ठरवलेले, अशी योग्य विभागणी होते. या सोयीने फक्त पत्ता बदलतो, पत्राखालचा मजकूर किंवा एन्क्रिप्शनची किल्ली (तिच्याविषयी पुढे) बदलत नाही, म्हणून प्रेषकाचा पत्ता पाहून चालणारा सेंड-हुक त्यासाठी वेगळा लिहावा लागला. तयार पत्राच्या पडद्यावर शेवटच्या क्षणी प्रेषक बदलला तर सेंड-हुक पुन्हा चालत नाही. तिथे सेंड-टू-हुक कामी येतो, आणि डिजिटल सही कोणत्या किल्लीने करायची ते मी आता त्यातच ठरवते.

पत्र बाहेर कोणत्या दाराने पडते, हेही महत्त्वाचे आहे. व्यवसायाच्या पत्त्याचे पत्र घरगुती खात्याच्या सर्व्हरवरून गेले, तर समोरचा सर्व्हर त्याच्याकडे संशयाने पाहतो आणि ते सरळ स्पॅममध्ये जाण्याची शक्यता असते. मटला पाकिटावरचा प्रेषक, म्हणजे पत्र नेताना सर्व्हरला सांगितला जाणारा पत्ता, एमएसएमटीपीला कळवायला लावले की तो त्यावरून खाते निवडतो. यात मला फारसा त्रास झाला नाही.

खरी परीक्षा एन्क्रिप्शनची होती. त्याच क्लायंटने पुढच्या करारात अट घातली की न्यायालयीन कागदपत्रे ओपनपीजीपी या एन्क्रिप्शनच्या पद्धतीने कूटबद्ध केल्याशिवाय ईमेलने पाठवायची नाहीत. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हे त्यामागचे मूळ सॉफ्टवेअर आणले, आणि त्याचा मुक्त अवतार असलेल्या जीपीजीची पहिली पक्की आवृत्ती १९९९ मध्ये आली. म्हणजे तंत्र नवे नाही, पण मी त्याच्या वाटेला कधी गेले नव्हते. प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात : सार्वजनिक किल्ली कोणालाही द्यावी, तिने पत्र बंद होते; आणि उघडते ते फक्त तिच्या जोडीच्या खासगी किल्लीने. पत्र आपणच पाठवल्याची सहीही खासगी किल्लीनेच होते. एकाच किल्लीवर आपले अनेक पत्ते नोंदवता येतात, आणि तीन पत्त्यांसाठी एकच किल्ली हा मोह मलाही झाला. पण ती सार्वजनिक किल्ली ज्याच्या हाती जाईल, त्याला माझे तिन्ही पत्ते एकत्र दिसतील, आणि जर्मन वकिलांना माझा सोसायटीचा पत्ता कळण्याचे काही कारण नाही. म्हणून व्यवसायाची एक आणि घरगुती एक अशा दोन किल्ल्या केल्या, दोन्हींना २ वर्षांची मुदत घातली आणि दोन्हींची रद्दपत्रे (गरज पडल्यास किल्ली रद्द करणारी) छापून घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवली. सोसायटीला किल्ली नाही. पार्किंगच्या भांडणात लपवण्यासारखे काही उरलेले नसते.

पहिलीच सही करायला गेले तेव्हा जीपीजीने ‘इनअ‍ॅप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’ असा खुलासा देऊन हात झटकले. या वाक्यावरून काय चुकले ते कोणालाही कळणार नाही. अर्थ एवढाच की पासफ्रेज, म्हणजे खासगी किल्लीचा पासवर्ड, विचारणाऱ्या पिनएंट्री या प्रोग्रामला कोणत्या टर्मिनलवर प्रश्न विचारायचा ते माहीत नव्हते. शेलच्या, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, फाईलमध्ये जीपीजी-टीटीवाय या चलाला चालू टर्मिनलचे नाव देणारी एक ओळ घातली आणि निळसर चौकट समोर आली. एकदा दिलेली पासफ्रेज जीपीजीचा एजंट लक्षात ठेवतो, पण शेवटच्या वापरानंतर फक्त ६०० सेकंद. वापर चालू असला तरी ७२०० सेकंदांनंतर तो पुन्हा विचारतो. मी हे आकडे वाढवलेले नाहीत.

क्लायंटची किल्ली ईमेलने आली, पण ती खरोखर त्यांचीच आहे हे त्याच ईमेलवरून ठरवण्यात अर्थ नव्हता. म्हणून आम्ही फोनवरून किल्लीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारी चिन्हांची माळ, ताडून पाहिला. हा ठसा ४० चिन्हांचा असतो, शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे. चार-चार चिन्हांचे दहा गट त्यांनी जर्मनमध्ये वाचले आणि मी पडद्यावर बोट ठेवून ‘याऽ, याऽ’ म्हणत गेले. घरच्यांना वाटले की मी कोणाचा तरी पासपोर्ट क्रमांक लिहून घेत आहे. त्यानंतर त्या किल्लीवर माझ्या किल्लीने केवळ स्थानिक, म्हणजे माझ्या लॅपटॉपपुरती, सही केली, आणि ‘या किल्लीच्या खरेपणाची खात्री नाही, तरी वापरायची का’ असे मटने दर वेळी विचारणे थांबले.

पहिले कूटबद्ध पत्र व्यवस्थित पोहोचले आणि दोन दिवसांनी मी काय पाठवले होते ते पाहायला ‘पाठवलेली पत्रे’ उघडली, तर मट म्हणाला की हे उघडता येत नाही. पत्र फक्त क्लायंटच्या किल्लीने बंद केलेले होते. त्यामुळे माझेच अकरा पानांचे भाषांतर माझ्याच डिस्कवर असूनही ते मला वाचता येणे शक्य नव्हते. मूळ दस्तऐवज वेगळा जपलेला होता म्हणून निभावले, पण सोबतच्या पत्रात कोणत्या शंका विचारल्या होत्या ते मला त्यांनाच विचारावे लागले. दोष इथेही मांडणीतच होता : मी सहीची किल्ली ठरवली होती, पण पीजीपी-डिफॉल्ट-की ही नोंद रिकामी सोडली होती, आणि स्वतःसाठीची प्रत मट त्या नोंदीतल्या किल्लीने बंद करतो. आता प्रत्येक ओळखीच्या फाईलमध्ये ही नोंद आहे. पाठवलेल्या पत्राची प्रत उघडी ठेवण्याची सोयही मटमध्ये आहे. ती मी घेतली नाही, कारण ती प्रत एमबीसिंक पुन्हा सर्व्हरवर नेऊन ठेवतो आणि मग सगळा खटाटोप व्यर्थ होतो. याच कारणाने अर्धवट पत्रांचे मसुदेही कूटबद्ध होतील अशी नोंद केली.

कोणते पत्र कूटबद्ध करायचे हे मटवर सोपवण्याचा एक मार्ग असा आहे की सगळ्या प्राप्तकर्त्यांच्या किल्ल्या सापडल्या तर पत्र आपोआप बंद व्हावे. मी तो आठवडाभर वापरला आणि सोडला. प्रतीच्या (सीसी) ओळीत किल्ली नसलेला एक जरी माणूस आला, तरी अख्खे पत्र काही न बोलता उघडे जाते, आणि न्यायालयीन कागदांच्या बाबतीत मला न बोलणारा मदतनीस नको आहे. त्याऐवजी त्या क्लायंटच्या डोमेनसाठी सेंड-हुक लिहून सक्तीचे एन्क्रिप्शन लावले आणि त्याच्या वर इतर सगळ्यांसाठी ते बंद करणारा हुक ठेवला. आता किल्ली सापडली नाही तर मट अडून बसतो आणि कोणती किल्ली वापरू म्हणून विचारतो. पण सेंड-हुक प्राप्तकर्त्यांची पहिली यादी पाहूनच चालतो. त्या क्लायंटचे नाव मागाहून प्रतीत घातले तर सक्ती लागू होत नाही, हे लक्षात ठेवावे लागते.

विषयाची ओळ मात्र या सगळ्यातून सुटते. मजकूर कितीही घट्ट बंद केला तरी विषय उघडाच प्रवास करतो, आणि मी मोठ्या नेटकेपणाने त्यात खटल्याचा क्रमांक लिहीत असे. मटमध्ये विषय आतल्या कूटबद्ध भागात ठेवून बाहेर फक्त तीन टिंबे दाखवण्याची सोय आहे, ती मी चालू केली. बाहेरून पाहिले तर आमचा सगळा पत्रव्यवहार आता टिंबांचा आहे.

सोसायटीची पत्रे मराठीत असतात आणि टर्मिनलमध्ये देवनागरी हे एक निराळेच प्रकरण आहे. टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचे घर देतो, मात्रा आणि जोडाक्षरे त्या हिशेबात नीट बसत नाहीत, आणि यादीतले ‘पाणीपुरवठ्याबाबत’ शेजारच्या रकान्यात सरकते. जोडाक्षरे जुळवू शकणारा टर्मिनल निवडल्यावर वाचण्यापुरते ठीक दिसू लागले, पण रकाने अजून सरळ नाहीत आणि मी तो नाद सोडला आहे.

पत्र लिहून विममधून बाहेर पडले की मट एक शेवटचा पडदा दाखवतो. त्यात वर प्रेषक असतो, मग प्राप्तकर्ते, विषय, प्रत कुठे ठेवणार तो फोल्डर, आणि खाली सुरक्षेची ओळ : सही व एन्क्रिप्शन दोन्ही, की नुसती सही, की काहीच नाही, आणि सही कोणत्या किल्लीने. वाय दाबले की पत्र जाते. मी आधी प्रेषकाची ओळ वाचते, मग सुरक्षेची, आणि पत्र जर्मनीला जाणार असेल तर तळाच्या तीन ओळीही पुन्हा एकदा उघडून पाहते.