स्थापना : पंधराशे काहीतरी

क्लोस फोडला आणि आत पाव नव्हता.

जर्मनीतल्या न्युर्नबर्गच्या जुन्या गावात, तटबंदीच्या आत, ऑक्टोबरातली रविवारची दुपार. दारावर लोखंडी पाटी, पाटीवर पंधराशे-काहीतरी सन. आत काळसर तुळया, खिडक्यांना गोल गोल जाड काचा, आणि भिंतीवर कुठल्या तरी जुन्या नगराध्यक्षांचा हातात ग्लास घेतलेला फोटो. समोर माझे सासरे. अण्णा साताऱ्याहून महिनाभरासाठी आलेले, आणि आल्या आल्या त्यांनी बजावलं होतं, "इथलं खरं जुनं हॉटेल दाखव. पिझ्झा-बिझ्झा साताऱ्यातही मिळतो आता."

तर क्लोस. कच्चा बटाटा किसून, पिळून, त्यात थोडा उकडलेला घालून वळलेला मुठीएवढा गोळा. त्याच्या पोटात लोण्यावर परतलेले पावाचे दोन-चार तुकडे असतात, ते असायलाच हवेत. गोळा सुरीने कापायचा नाही. दोन काट्यांनी फोडायचा, म्हणजे खरबरीत कडा सॉस धरतात. आमच्या शेजारच्या आजींनी मला हे फार गंभीरपणे शिकवलं होतं, आणि तेव्हापासून मला खोडच लागलीय. आधी पोट तपासायचं, मग जेवायचं. पाव नसलेला क्लोस म्हणजे सारण नसलेला मोदक. पांढरा, गोल, देखणा आणि पोकळ आश्वासन.

हा तर काट्याखाली दबला आणि परत वर आला! पिशवीतला होता. दुकानात थंड कपाटात त्याचं तयार पीठ मिळतं. मीही तेच आणते, त्यात कमीपणा काही नाही. पण मी माझ्या दारावर सन लिहिलेला नाही.

सोबतच्या शॉयफेलेची तीच कथा. शॉयफेले म्हणजे डुकराच्या खांद्याचा तुकडा, मधे फावड्यासारखं चपटं हाड. त्याची वरची साल इतकी कुरकुरीत हवी की शेजारच्या टेबलावर आवाज जावा. हिच्यावर कुणीतरी सढळ हाताने सॉस ओतून ठेवला होता. ती चामड्यासारखी ओढत बसले. मेन्यूकार्डावर जुन्या किमतींवर छोटे पांढरे चिकट कागद लावलेले, एकावर एक दोन. करोनात जेवणावरचा कर ७ टक्के केला होता, तो २०२४ च्या जानेवारीत पुन्हा १९ वर गेला, त्यातला एक थर तेव्हाचा असणार. नखाने खरवडून खालची किंमत बघायचा मोह मी आवरला. अण्णांनी आवरला नाही.

अण्णांनी मागवला होता कार्प. डुक्कर ते खात नाहीत, बीफ नाही, मग उरतं काय? पण महिना बरा होता. इकडे कार्प नावात 'र' असलेल्या महिन्यांतच खातात, सप्टेंबर ते एप्रिल. आणि मराठीतही हा हिशेब बरोबर जुळतो, मे-जून-जुलै-ऑगस्ट सोडून. जवळच्याच आयशग्रुंडमध्ये तळ्यांमागून तळी आहेत, मध्ययुगातल्या मठांनी माशांसाठी खोदलेली. मासा उभा चिरून अर्धा, डोक्यासकट तळतात. तो ताटलीत धनुष्यासारखा वाकून येतो आणि शेपटीचा पंखा पापडासारखा मोडून खायचा असतो.

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. उभी हयात धरणांच्या काठी काढलेल्या माणसापुढे तो मासा आला, आणि त्यांनी चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"हा तर आपला सिप्रनस. धरणात सोडतात तो."

मग एक घास घेतला. बराच वेळ चावला.

"गाळाचा वास येतोय."

येत होताच. कार्प तळाशी चरतो, चिखलात तोंड खुपसून. म्हणून पकडल्यावर त्याला काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवतात, मग तो वास जातो. हे इथल्या मासे पाळणाऱ्यांना कुणी शिकवायला नको. पण घाई कुणी, कुठे केली, तळ्यावर की मुदपाकखान्यात, ते त्या माशालाच ठाऊक. अण्णांनी शेपटीचा पंखा तेवढा खाल्ला, बटाट्याचं सॅलड खाल्लं आणि हात पुसले.

माझा एक काका होता, त्याचं हॉटेलांबद्दल एक शास्त्र होतं. पुण्यात रविवारी सकाळी तो मला स्कूटरवर पुढे उभी करून न्यायचा. हॉटेलात शिरल्यावर आधी वर बघायचा, गल्ल्याच्या वरच्या हार घातलेल्या फोटोकडे. मग खाली, गल्ल्यावर कोण बसलंय तिकडे. वरचं नाक आणि खालचं नाक जुळलं की म्हणायचा, "बसू." मुलगा चालेल, नातू चालेल, जावईसुद्धा चालेल ("जावयाला भीती असते"). एकदा गल्ल्यावर निळ्या शर्टातला एक परका माणूस होता, कॅल्क्युलेटर घेऊन. काका दारातूनच वळला. मला वडा-सांबाराचा वास आलेला, मी तिथेच भोकाड पसरलं. त्याने मला खारे दाणे घेऊन दिले आणि स्कूटरला किक मारली. त्यानंतर त्या हॉटेलात त्याने पाऊल टाकलं नाही, पण तिथल्या सांबाराला नावं मात्र कितीतरी वर्षं ठेवली. "पाणी झालंय पाणी." चाखायची गरज त्याला वाटली नाही.

इथे ते शास्त्र चालत नाही. गल्लाच नसतो. वाढणाऱ्या बाईच्या कमरेला जाडजूड चामडी पाकीट असतं, तोच गल्ला. बवेरियात, म्हणजे इथल्या राज्यात, अशी कितीतरी हॉटेलं ब्रुअरीच्या मालकीची असतात, चालवणारा भाडेकरू. बियर ब्रुअरीची घ्यायची, बाकी तुझं तू बघ. भाडेकरू बदलतो, आचारी त्याच्याही आधी बदलतो. सन तेवढा दाराला खिळलेला राहतो.

आणि तुळयांचं म्हणाल तर, २ जानेवारी १९४५ च्या संध्याकाळी ब्रिटिश विमानांनी तासाभरात हे जुनं गाव जवळजवळ ९० टक्के झोपवलं. आज दिसतात ती बरीचशी घरं लोकांनी ढिगारे उपसून पुन्हा उभी केलेली, जुन्याच गल्ल्या धरून, जुन्याच उंचीची. अण्णा तुळईला हात लावून "काय सागवान असेल हो" म्हणाले, तेव्हा मी काही बोलले नाही. ओक असतं ते. आणि वय विचाराल तर बहुधा अण्णांपेक्षा लहान.

गंमत म्हणजे या गावात सॉसेजची लांबी कायद्याने ठरलेली आहे. न्युर्नबर्गर म्हणवून घ्यायचं तर ७ ते ९ सेंटिमीटर, वजन २० ते २५ ग्रॅम, आणि ते गावाच्या हद्दीतच बनलं पाहिजे. २००३ पासून युरोपभर त्या नावाला संरक्षण आहे. क्लोसच्या पोटातल्या पावाला मात्र कुणी वाली नाही.

बाई आली. बियरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर तिने पेन्सिलीने रेघा मारलेल्या होत्या, त्या मोजल्या. ताटल्या उचलता उचलता विचारलं, "हाट्स गेश्मेक्ट?" अर्धा मासा आणि जवळजवळ आख्खा क्लोस तिच्या हातात होता.

"काय विचारतेय?" अण्णा.

"जेवण आवडलं का म्हणून."

"मग सांग की."

मी सांगितलं. छान होतं म्हणून सांगितलं. इथे सगळेच तसं सांगतात. कोपऱ्यातल्या राखीव टेबलावर चार म्हातारे बसले होते, रोजचेच असावेत. त्यांनी तोच शॉयफेले संपवला, तीच साल ताटलीच्या कडेला ठेवली आणि मान डोलावली. फ्रांकेन प्रांतात, म्हणजे न्युर्नबर्गच्या या भागात, रागावले नाहीत म्हणजे कौतुकच झालं, असं समजायची रीत आहे. अण्णांना माझा चेहरा वाचता येतो. बाहेर पडल्यावर म्हणाले, "आमच्या वेळी हॉटेलवाल्याला बोलावून त्याच्या तोंडात घास घालायचे." हे त्यांनी कधी केलं असेल असं मला वाटत नाही. आमच्या सासूबाईंच्या आमटीलासुद्धा ते चाळीस वर्षं "बरी आहे" म्हणत आलेत.

पेग्निट्स नदीवरून चालत निघालो. पोट रिकामंच, म्हणून बाजाराच्या चौकात अण्णांना गरम खारे शेंगदाणे सापडतात का बघितलं. साखरेत घोळवलेले बदाम मिळाले. नदीच्या कडेचा बुरूज दिसला तेव्हा मी त्यांना हान्स स्ट्रोमरची गोष्ट सांगितली. सोळाव्या शतकातला इथला बड्या घरचा माणूस, जन्मठेप झालेला. त्याने एकच मागणं मागितलं, रोज दोन सॉसेज. ते मंजूर झालं. ३८ वर्षं तो कैदेत होता आणि ३८ वर्षं खात होता, असं सांगतात.

अण्णा थांबले. खात्यातल्या सवयीने तोंडी हिशेब केला. "अठ्ठावीस हजाराच्या आत-बाहेर."

मग दोन बदाम तोंडात टाकून म्हणाले, "आचारी बदलला की त्याला पहिल्या घासाला कळत असणार. पण सांगणार कुणाला?"