समोरच्या दारासाठी शिवलेली गोधडी

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत आमची दारं समोरासमोर, मध्ये फक्त पॅसेज. २२ वर्षांत कडी वाजवून एकमेकींकडे गेल्याचं आठवत नाही. पुनर्विकासासाठी खोल्या रिकाम्या करायच्या ठरल्या आणि समोरच्या मैत्रिणीने बदलापूरला भाड्याने घर घेतलं. तिकडे डिसेंबरात चांगलाच गारठा पडतो. तिच्याकडे पांघरायला एक सोलापुरी चादर तेवढी. मी म्हटलं, हिला गोधडी द्यायची, तीही हाताने शिवलेली.

आजीला शिवताना पाहिलं होतं, स्वतः कधी शिवली नव्हती. आजीचं एक सुती लुगडं माझ्याकडे होतं. ९ वार म्हणजे २७ फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांबी आणि चार थर मिळतात. रुंदी मात्र जेमतेम चार फूट. खालच्या बाजूला माझी जुनी सुती साडी लावली. वर काय लावायचं ते सुचेना.

गुपचूप शिवायचा बेत होता, पण १६० चौरस फुटांत काय लपणार? तिसऱ्या दिवशी ती दारात उभी. काही न विचारता घरी गेली आणि आईचं हिरवं इरकली लुगडं घेऊन आली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बसायच्या जागी लुगडं विरलं होतं, काठ मात्र अजून घट्ट. "हे वर लाव," म्हणाली. विरलेल्या जागी तिच्या लेकाच्या झबल्याचं ठिगळ लावलं.

कापडातली खळ पूर्ण निघाली पाहिजे, नाहीतर सहा थरांतून सुई जात नाही. जुलैचा पाऊस, धुतलेली कापडं चार दिवस दमटच राहिली आणि कुबट वास सुटला. पुन्हा धुवावी लागली.

खरी चूक पुढे झाली. थर आधी लांब लांब टाक्यांनी टाचून घ्यायचे असतात. मी फक्त कडा टाचल्या आणि धावदोरा सुरू केला. गोधडी कडेने आत अशी शिवत नेतात. पहिला फेरा २१ फुटांचा, मग बोटभर अंतर सोडून दुसरा. सातव्या फेऱ्याला मधे भला मोठा फुगा आला, खालचे थर सरकले होते. सातही फेरे उसवले. त्या रात्री मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता वर्दळ थांबल्यावर पॅसेजमध्ये सगळं अंथरलं आणि दोघींनी दोन टोकांनी ताणून वीतभर अंतरावर उभं-आडवं टाचलं.

शिवायला मी तिला हात लावू दिला नाही, तिची गोधडी मीच शिवणार होते. मग ती समोर बसून दोऱ्याला मेण लावायची, नेढ्यात ओवून द्यायची. माझ्या बोटाला घट्टे पडले, तेव्हा तिने आईचं पितळी अंगुस्तान शोधून आणलं. आत जावं तसे फेरे लहान होत गेले आणि मला ते नको वाटू लागलं. मी मुद्दाम सावकाश टाके घालायचे. अडीच महिन्यांनी, दसऱ्याच्या आसपास, मधली शेवटची रेघ संपली.

जानेवारीत बदलापूरला राहायला गेले. रात्री दोघी त्याच गोधडीत शिरलो आणि एकीची तरी पाठ उघडी पडत होती. आता दुसरी शिवायला घेतली आहे, साडेपाच फूट रुंदीची. या वेळी आधी टाचून घेतली आहे आणि एका बाजूचे फेरे ती घालणार आहे.