वाट वाकडी करून ताईकडे

ताईचे घर माझ्या आखलेल्या मार्गापासून 70 किलोमीटर बाजूला होते. मोटारीने जाणाऱ्याला हे अंतर विशेष वाटणार नाही. 18 किलो सामान लादलेल्या सायकलीला मात्र जाण्याचा एक दिवस आणि परतीचा दुसरा दिवस लागतो. तरीही वाट वाकडी करायची हे निघण्यापूर्वीच ठरले होते, कारण दोन वर्षांत आमची भेट झाली नव्हती.

चूक झाली ती वेळ देण्यात. प्रवासाच्या एकोणिसाव्या दिवशी, रविवारी, दुपारच्या जेवणाला पोहोचतो, असे मी तिला फोनवर सांगितले. तोवर पाय दुखले की थांबायचे आणि वारा फिरला की मुक्काम करायचा, असा माझा क्रम होता. शब्द दिल्यावर तो क्रम मोडला. शनिवारी दिवसभर वारा समोरून होता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने अशा वाऱ्यात घाई करणारा माणूस थोडी मिनिटे वाचवण्यासाठी फार शक्ती खर्च करतो. हे ठाऊक असूनही मी 118 किलोमीटर रेटले. संध्याकाळी डावा गुडघा ठणकू लागला आणि मागच्या चाकाचा एक स्पोक तुटला. तो कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाच्या, बाजूचा होता. त्या बाजूच्या स्पोकवर ताण अधिक असतो, म्हणून ओझ्याच्या सायकलीत बहुधा तेच तुटतात, आणि नवा बसवायचा तर आधी कॅसेट उतरवावी लागते. त्यासाठी लागणारा मोठा पाना मी वजन वाचवण्यासाठी घेतला नव्हता. शेजारचे स्पोक थोडे सैल करून आणि मागचा ब्रेक मोकळा सोडून मी रविवारी अगदी सावकाश निघालो.

पोहोचायला चार वाजले. ताई फाटकातच उभी होती. "दोन वाजल्यापासून येरझारा घालते आहे. एक फोन करता आला नाही तुला?" एवढेच ती म्हणाली आणि माझ्या हातातून सायकल काढून घेऊ लागली. घरात कोणीही जेवले नव्हते, हे कळल्यावर मला गुडघ्यापेक्षा त्याचेच अधिक वाईट वाटले.

दोन दिवस राहिलो. पहिला दिवस बहुतेक झोपण्यात आणि खाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी भावोजींनी ओळखीच्या मेकॅनिककडून पाना आणून दिला आणि अंगणात सायकल उलटी करून आम्ही चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसलो. स्पोक किती पिळायचा हे डोळ्यांपेक्षा कानांना लवकर समजते. म्हणून बारा वर्षांची भाची एकेक स्पोक छेडून आवाज जुळतो का ते सांगत होती. चेनही मोजली. नव्या चेनच्या 24 कड्यांची लांबी बरोबर 12 इंच भरते; माझी जवळपास एक षोडशांश इंचाने वाढली होती. चेन त्याच दिवशी बदलली, नाहीतर तिने कॅसेटचे दातेही झिजवले असते.

सायकलवर जगाची फेरी आधी कोणी मारली, असे भाचीने विचारले. थॉमस स्टीव्हन्सने 1884 ते 1886 या काळात, 50 इंचांच्या पुढच्या चाकाच्या उंच सायकलवरून प्रवास केला आणि सामान म्हणून जेमतेम एक जादा सदरा, मोजे आणि तंबूसारखा वापरता येणारा रेनकोट नेला, हे मी सांगितले. तिने ते नीट लक्षात ठेवले. निघताना ताई डबे भरू लागली, तेव्हा "आई, त्याने एकच सदरा नेला होता" असे सांगून तिनेच निम्मे डबे बाहेर काढले. ताईने त्यांतला एक पुन्हा आत ठेवला आणि त्यावर मी काही बोललो नाही.

"आता पुढच्या मुक्कामी केव्हा पोहोचशील?" तिने विचारले.

"गुरुवार ते शनिवार, यांपैकी केव्हाही. रोज संध्याकाळी फोन करीन."

विश्रांतीनंतरचे पाय दुपारपर्यंत जड राहिले. स्पोक तुटला होता ते वळण आले, तेव्हा मी उतरून चाक उचलून फिरवले. ते सरळ फिरत होते.