आमच्या शाळेची पाचवीची परीक्षा

दादरच्या आमच्या शाळेत पाचवीला प्रवेश हवा तर आधी परीक्षा, गणित आणि मराठीचा पेपर, मग नोटीस बोर्डावर यादी. माझं नाव आलं, शेजारच्या मित्राचं नाही, त्याची आई यादीवरून दोनदा बोट फिरवत खाली गेली ते अजून डोळ्यासमोर आहे. दहा वर्षांच्या पोराला असं बाहेर ठेवणं चूकच होतं हो! मग शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्याच्या कलम १३ नं प्रवेशासाठी चाचणी घेणंच बंद केलं, पहिल्यांदा मोडलं तर २५ हजारांपर्यंत दंड. परवा शाळेत गेलेलो, आता चाचणीशिवाय कमी-जास्त तयारीची सगळी पोरं एकाच वर्गात, म्हणून पाचवीच्या बाई तीन बाकांना तीन वेगळी गणितं घालत होत्या.