शून्यांची फाइल

तक्रार दोन ओळींची होती. फाइल पूर्ण आली, साइज बरोब्बर आहे, पण आतल्या तारखा नोव्हेंबरपर्यंत जाऊन परत जानेवारीत येतात. असं का?

वाचून आधी हसूच आलं. आमचं सॉफ्टवेअर फाइल एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेतं. विंडोजवरून लिनक्सवर, लिनक्सवरून मॅकवर, कुठूनही कुठेही. आत काय लिहिलंय ते त्याला कळतही नाही. हमालाला पेटीतलं काय ठाऊक? ‘ज्यांनी फाइल बनवली त्यांना विचारा’ हेच जरा गोड शब्दांत टाइप करायला घेतलं होतं, तेवढ्यात खालची ओळ दिसली. मूळ फाइल त्यांनी उघडून पाहिली होती. तिच्यात डिसेंबर अखेरपर्यंत सगळं सरळ होतं.

फाइल होती यंत्रांवरच्या सेन्सरची वर्षभराची नोंद. साधा मजकूर, दर ओळीला तारीख, वेळ आणि चार-पाच आकडे. साडेपाचशे कोटी बाइटच्या आसपास, म्हणजे ५ जीबीच्या वर. आणि तो आकडा वाचताच पोटात थोडं ढवळलं, कारण ‘मोठ्या फाइलींचा सपोर्ट’ हे सहा महिन्यांपूर्वी मीच केलेलं काम.

ते काम काय होतं ते थोडक्यात सांगते. जुन्या कोडमध्ये फाइलीतली जागा ३२ बिटांच्या आकड्यात ठेवलेली असायची. त्यातला एक बिट चिन्हाला गेला की उरतात २,१४,७४,८३,६४७ बाइट, म्हणजे २ जीबीला एक कमी. त्यापुढे आकडा उलटा होऊन उणे होतो. युनिक्सवाल्यांनी (लिनक्स, मॅक याच घराण्यातले) यावर १९९६ च्या सुमारास एकत्र बसून तोडगा काढला होता. कंपाइल करताना, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवताना, एक व्याख्या द्यायची, की फाइलीतली जागा ठेवणारा ‘ऑफ_टी’ हा प्रकार ६४ बिटांचा होतो. विंडोजची तऱ्हा वेगळी, तिथे फंक्शनंच वेगळ्या नावांची. आमच्या प्रोटोकॉलच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलीच्या आधी जाणाऱ्या माहितीत, फाइलच्या साइजला चारच बाइट दिलेले होते, ते आठ केले. जुनं व्हर्जन समोर आलं तर मोठी फाइल पाठवायच्या आधीच नकार द्यायचा, हेही बसवलं. स्क्रीनवर आकडे छापायच्या खुणासुद्धा दोन्हीकडे वेगळ्या निघाल्या, त्यात एक आठवडा गेला. कंटाळवाणं काम. पण झालं, टेस्ट झालं, रिलीज झालं, कौतुकही झालं.

त्यामुळे पहिला संशय मी समोरच्यावर घेतला. जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह असेल, फॅट३२ नावाच्या त्या पद्धतीत एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या पुढे जातच नाही. पण तसं असतं तर फाइल तिथेच थांबली असती. ही तर शेवटच्या बाइटपर्यंत पूर्ण होती. मग डिस्क खराब असेल? खराब डिस्क कचरा देते, व्यवस्थित वाचता येणारा जानेवारी देत नाही.

शेवटी मी त्यांच्याकडून, तारखा जिथे मागे जातात त्या सांध्याच्या आजूबाजूचा तुकडा मागवला. तो उघडला आणि त्या एका ओळीकडे बराच वेळ बघत बसले. ओळ सुरू होत होती १ नोव्हेंबर, पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी. सेकंदाचा पहिला आकडा होता, दुसरा नव्हता. त्याच्या जागी थेट दशांश चिन्ह आणि कुठल्यातरी दाबाच्या नोंदीचा उरलेला अर्धा भाग. पुढची ओळ २१ जानेवारीची. तिच्यानंतर सगळं पुन्हा शिस्तीत, एकामागून एक, मार्चपर्यंत, आणि तिथे फाइल संपलेली. दोन कापडं शिवून जोडावीत तसा सांधा, फक्त शिंप्यानं दुसरं कापड चुकीच्या ठाणातून घेतलेलं.

सांध्याची जागा मोजली: ४,६०,१४,७९,१६८. याला ६५,५३६ नं भाग जातो, आणि आम्ही डेटा पाठवतो तोच मुळी ६५,५३६ बाइटच्या ब्लॉकमध्ये. म्हणजे पाप आमचंच. पाठवणाऱ्या मशीनचा लॉग मागवला. त्यात याच आकड्यावर कनेक्शन तुटलेलं आणि चाळीस सेकंदांनी रिझ्यूम झालेलं, म्हणजे राहिलं तिथून पुढे सुरू झालेलं.

मग कॅल्क्युलेटर काढला. ४,६०,१४,७९,१६८ मधून ४,२९,४९,६७,२९६ वजा केले, म्हणजे ३२ बिटांत मावत नाही ते कापून टाकलं. उरले ३०,६५,११,८७२. मूळ फाइलीत त्या जागी काय आहे, ते पाहायला त्यांना फोन केला.

“दाबाची नोंद आहे,” ते म्हणाले, “एकवीस जानेवारीची. तुम्हाला कसं कळलं?”

यावर काय बोलणार.

कोड उघडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. रिझ्यूम करताना पाठवणारा फाइलीत त्या जागेवर उडी मारतो. ती ओळ सगळ्या सुधारणांतून निसटून जुन्याच फंक्शनवर राहिली होती, आणि त्या फंक्शनला जागा लागते ‘लाँग’ या प्रकारात. ६४ बिटांच्या लिनक्सवर आणि मॅकवर लाँग ६४ बिटांचा असतो. ६४ बिटांच्या विंडोजवर तो अजूनही ३२ बिटांचाच आहे. मी काम करते लिनक्सवर. माझ्याकडे ती ओळ जन्मात चुकली नसती.

विंडोजचा कंपायलर मात्र गप्प बसत नाही. मोठा आकडा लहान डब्यात कोंबला तर तो ‘डेटा जाऊ शकतो’ अशी वॉर्निंग देतो. इथे दिली नाही, कारण आकड्याच्या आधी कंसात ‘लाँग’ लिहून कुणीतरी कास्ट केलेलं होतं, आकड्याचा प्रकार जबरदस्तीनं बदललेला. म्हणजे कंपायलरला सांगितलेलं, की मला ठाऊक आहे, तू बोलू नकोस. ही ओळ कुणी लिहिली ते हिस्टरीत पाहिलं. नाव माझं. तारीख त्याच आठवड्यातली, जेव्हा मी एका बैठकीत अडीचशे वॉर्निंगा निस्तरल्या म्हणून मिरवत होते.

बाकीच्या तपासण्यांनी तरी पकडायला हवं होतं, नाही का? प्रत्येक ब्लॉकबरोबर चेकसम, म्हणजे त्यातल्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जातो. पण तो पाठवणारा काढतो, स्वतः वाचलेल्या ब्लॉकवरून. चुकीच्या जागचा ब्लॉक, त्याचा अगदी बरोबर चेकसम. किती बाइट उरलेत ते ६४ बिटांत मोजलं जात होतं, म्हणून साइजही जुळली. पूर्ण फाइलीचा चेकसम आम्ही घेतच नव्हतो. वेळ लागतो म्हणून.

माझ्या शेजारी बसणारी सहकारी टेस्टिंग बघते. तिला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, “अगं पण रिझ्यूम आपण विंडोजवर टेस्ट केलंय. मी स्वतः केबल काढली होती. तीनदा. आणि दोन्हीकडच्या पूर्ण फाइली हॅश करून जुळवल्या होत्या.”

तिचं खरं होतं. हॅश म्हणजे फाइलीतल्या सगळ्या बाइटांवरून काढलेला ठसा, दोन फाइली सारख्या आहेत का ते पाहायला. रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलंही होतं.

“कुठली फाइल वापरलीस?”

“तूच दिलेली.”

मी दिलेली. सहा जीबीची फाइल कोण कॉपी करत बसणार, म्हणून मी एका कमांडनं बनवायला सांगितली होती. लिनक्सवर ‘ट्रंकेट’, विंडोजवर ‘एफएसयुटिल’. क्षणात तयार होते, कारण आत काहीच लिहावं लागत नाही. वाचायला गेलं की सगळीकडे शून्य मिळतं. अशा फाइलीत तुम्ही पाचव्या जीबीतून वाचा की पहिल्या, शून्यच येणार. म्हणजे तिन्ही वेळा चूक झाली होती आणि तिन्ही वेळा हॅश जुळला होता.

ती काही बोलली नाही. कॉफी आणायला गेली आणि येताना माझ्यासाठीही घेऊन आली, ते जास्त लागलं.

तेवढ्यात मला एक जुनी तक्रार आठवली. ‘तीन जीबीची फाइल तुटली की पुढे सुरू न होता पहिल्यापासून जाते.’ नेटवर्कवर खापर फोडून मीच ती बंद केली होती. आता कळलं. २ ते ४ जीबीच्या मध्ये तुटलं, तर कापलेला आकडा उणे होतो, उडी फसते, आणि उडी फसली की आमचा कोड शहाण्यासारखा शून्यापासून सुरुवात करतो. नुसता वेळ जातो. ४ जीबीच्या पुढे, ६ पर्यंत, तोच आकडा पुन्हा अधिक होतो, आणि उडी यशस्वी होते. चुकीच्या जागी.

दुरुस्ती चार ओळींची. जागा बदलण्यासाठी एकच फंक्शन केलं, ते आत विंडोजवर ६४ बिटांची उडी वापरतं आणि बाकी ठिकाणी ‘ऑफ_टी’ घेणारी. जुनं फंक्शन बाकी कोडमधून वापरलं तर बिल्डच मोडेल अशी सोय केली. ते कास्ट काढलं. दुपारपर्यंत झालं.

खरं काम पुढे होतं. सहा महिन्यांत आणखी कुणाकुणाच्या फाइली अशा शिवल्या गेल्या असतील? लॉग त्यांच्या मशीनवर, बहुतेकांनी पुसलेले. मूळ फाइली तरी शिल्लक असतील याची खात्री काय? यावर संध्याकाळी उशिरा उत्तर सुचलं, आणि दिवसभरात माझ्याकडून घडलेली ती एकच बरी गोष्ट. बिघडलेली फाइल स्वतःच साक्ष देते. सांध्यापासून शेवटपर्यंतचा प्रत्येक बाइट हा तिच्यातच ४ जीबी मागे असलेल्या बाइटची नक्कल आहे. मूळ फाइल लागतच नाही. शेवटच्या टोकाकडून मागे येत ब्लॉक जुळवत जायचे. जिथे जुळायचे थांबतील तिथे सांधा. निव्वळ शून्यांच्या फाइली तेवढ्या वगळायच्या, त्या कायमच दोषी दिसणार.

पन्नास ओळींची स्क्रिप्ट झाली. मूळ फाइल हाताशी असेल त्यांच्यासाठी पूर्ण परत पाठवायचीही गरज नव्हती: सांध्यापाशी फाइल कापायची आणि नव्या व्हर्जननं रिझ्यूम करायचं. तक्रार करणाऱ्यांना ती पाठवली, बरोबर सगळं खरं लिहिलं, कास्टसकट. रात्री उत्तर आलं. त्यांच्याकडे दोन फाइली सापडल्या होत्या. दुसरी कुणी अजून उघडलीच नव्हती.

घरी जायच्या आधी टेस्टची फाइल नव्यानं बनवली. तिच्यात दर आठ बाइटांना, ते आठ बाइट फाइलीत कुठे आहेत तोच आकडा लिहिला. बनायला बराच वेळ लागला. मग मुद्दाम जुनं व्हर्जन विंडोजवर चढवलं, आणि सहकारीनं ४ जीबी ओलांडल्यावर केबल काढून परत लावली. टेस्ट लाल झाली. स्क्रीनवर अपेक्षित जागा आणि मिळालेली जागा, दोन आकडे एकाखाली एक आले. वजाबाकी तिनं पाटीवर करून पाहिली: ४,२९,४९,६७,२९६.