दूध संघासाठी डॅशबोर्ड करताना: माझा अनुभव

"रोज सकाळी एका पानावर कळलं पाहिजे, की गावात किती दूध गोळा झालं, डॉकवर किती पोचलं आणि फॅट कुठे गळतंय." दूध संघाच्या व्यवस्थापकांची मागणी एवढीच होती. (डॉक म्हणजे संघाच्या डेअरीत टँकरमधलं दूध उतरवून घेण्याची जागा.) मी पुण्यात डेटा अ‍ॅनालिस्ट आहे, पॉवर बीआय या डॅशबोर्ड बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करते. तोवर बहुतेक डॅशबोर्ड विक्रीचे केले होते. तिथे बिल फाडलं की विक्री झाली. दुधाचं तसं नाही. गावातली संस्था लिटरमध्ये बोलते, डॉकवर किलो मोजतात आणि हिशेब विभाग किलो फॅट, म्हणजे दुधातल्या फॅटचं वजन, धरतो.

सुरुवात फायलींपासून झाली. प्रत्येक संस्थेच्या संकलन यंत्रातून सभासद क्रमांक, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर अशी नोंद निघते. दोनशे सभासदांची एक संस्था धरली तर दिवसाला दोन वेळा, म्हणजे वर्षाला 1,46,000 ओळी. एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात. आठव्या संस्थेची वर्षाची नोंद जोडली की शीट भरलं. म्हणून सगळं पॉवर क्वेरीत, म्हणजे पॉवर बीआयमधल्या डेटा आणून साफ करण्याच्या साधनात, आणलं. तिथे पहिली अडचण नावांची आली. काही संस्थांनी सभासदांची नावं युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकली होती, आणि तो फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हं नुसती विखुरलेली दिसतात. गावांच्या नावांवरही विसंबता येत नाही, कारण वडगाव, पिंपळगाव तालुक्यागणिक सापडतात. सभासद क्रमांक 17 तर प्रत्येक संस्थेत असतो. शेवटी संस्थेचा कोड आणि सभासद क्रमांक जोडून ओळख ठरवली. नावं फक्त दाखवण्यापुरती ठेवली.

मग सरासरीचा प्रश्न. आधीच्या अहवालात संस्थेची फॅट म्हणजे सगळ्या नोंदींची साधी सरासरी होती. समजा, एकाने 3.5 फॅटचं 100 लिटर घातलं आणि दुसऱ्याने 5.0 फॅटचं 20 लिटर. साधी सरासरी 4.25 येते. कॅनमध्ये मिसळलेल्या दुधाची फॅट मात्र 3.75 असते. डॉकवर 3.75 लागली की अहवाल म्हणणार, अर्धा पॉइंट फॅट गेली, आणि ठपका बसणार टँकरवाल्यावर किंवा संस्थेच्या सचिवावर. त्यांनी काहीच केलेलं नसतं! म्हणून सम-एक्स (SUMX, ओळीओळीने गणित करून बेरीज करणारं पॉवर बीआयचं सूत्र) वापरून आधी प्रत्येक नोंदीचे किलो फॅट काढले, त्यांची बेरीज केली आणि तिला एकूण किलो दुधाने भागलं. हिशेबनीस कागदावर हेच करत आले होते. त्यांची वही समोर ठेवून मी मेजर, म्हणजे पॉवर बीआयमधलं हिशेबाचं सूत्र, लिहिलं, आणि आकडे जुळले तेव्हा मला फार बरं वाटलं.

लिटर-किलोचा घोळही इथेच मिटवावा लागला. दुधाची घनता साधारण 1.03 धरतात, म्हणजे 1000 लिटर पाठवलं तर काट्यावर 1030 किलोच्या आसपास भरायला हवं. काट्यावर 1000 आलं आणि आपण 'हजारला हजार' म्हणून पुढे गेलो, तर तीस किलोची तूट दिसतच नाही.

एवढं करूनही संकलन आणि डॉक यांची रोजची तुलना बसेना. एका दिवशी तूट, तर दुसऱ्या दिवशी चक्क वाढ. टँकरमध्ये दूध वाढेल कसं? मॉडेलमधले तक्त्यांचे एकमेकांशी जोडलेले संबंध मी पुन्हा पुन्हा तपासले, त्यात काही नव्हतं. मग पहाटे डॉकवर जाऊन बसले. तिथल्या सुपरवायझरांनी दोन वाक्यांत सांगितलं, "मॅडम, संध्याकाळचं दूध रात्रभर बीएमसीत राहतंय आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या दुधाबरोबर येतंय. तारखेला तारीख लावली तर जुळणार कसं?" बीएमसी म्हणजे बल्क मिल्क कूलर, गावाकडचं दूध थंड ठेवण्याची टाकी. मी 'डॉक दिनांक' असा नवा रकाना केला. संध्याकाळची पाळी असेल तर तारखेत एक दिवस मिळवायचा, सकाळची असेल तर तीच तारीख. खोट्या वाढी नाहीशा झाल्या, उरली ती खरी तूट. या कामातला सगळ्यात मोलाचा रकाना मी हाच मानते, आणि तो कुठल्याही फाइलमध्ये नव्हता.

कॅलेंडरचा तक्ता हातानेच बांधला. पॉवर बीआयचं स्वयंचलित कॅलेंडर जानेवारीपासून चालतं आणि इथे वर्ष एप्रिलला सुरू होतं. शिवाय दूधवाल्यांचा खरा महिना दहा दिवसांचा: 1 ते 10, 11 ते 20, 21 ते अखेर. शेतकऱ्याचं बिल त्यावर निघतं, म्हणून आलेखाचा अक्षही त्यावरच ठेवला. 'मिलियन' काढून लाख-कोटी आणले. प्रत्येक रूटच्या (टँकरच्या ठरलेल्या मार्गाच्या) सुपरवायझरला फक्त आपलाच रूट दिसेल अशी परवानगी लावली. प्रो परवान्यात डेटा दिवसातून आठ वेळा ताजा करता येतो. दोन पाळ्यांच्या संकलनाला तेवढं पुरतं.

व्यवस्थापकांना गोल काट्यांची घड्याळं हवी होती. मी ती घातली नाहीत. घड्याळात आजचा आकडा दिसतो. गेल्या वर्षीच्या पुष्टकाळात, म्हणजे दूध भरपूर येण्याच्या हंगामात, याच दहा दिवसांच्या बिलाला काय होतं, ते दिसत नाही. दूध हंगामानुसार चढतं-उतरतं, त्यामुळे कालच्यापेक्षा गेल्या वर्षीची त्याच दिवसांची तुलनाच कामाची. थोडी चर्चा झाली आणि त्यांनी साध्या रेषा मान्य केल्या.

पान सुरू झाल्यावर एका रूटवर फॅटची तूट सतत दिसू लागली, पण दुधाचं वजन बरोबर भरत होतं. सुपरवायझर स्वतः त्या बीएमसीवर गेले. नमुना दूध न ढवळता खालच्या तोटीतून घेतला जात होता. दूध स्थिर राहिलं की स्निग्धांश वर चढतो, मग खालच्या नमुन्यात फॅट कमीच लागणार. आता नमुना घेण्याआधी किती मिनिटं ढवळलं, याची नोंद तिथला माणूस करतो, आणि ती माझ्या मॉडेलमध्ये येते.